खलनायकाचे वकीलपत्र

मराठी भाषेने ‘खलनायक’ हा शब्द घडविताना मोठी सावधगिरी बाळगलेली दिसते. तो खल खरा, पण त्याबरोबर नायकही. चोराला आपण चोरनायक म्हणत नाही, लबाडाला लबाडनायक म्हणत नाही. परंतु ज्याच्यावाचून नाटक दोन प्रवेशांतच आटोपले असते त्या गृहस्थाला नायकपदाचा अर्धा वाटा देणे भाषेला भाग पडले. आमच्या व्यवसायात मात्र हा शब्द चालत नाही. न्यायालयात वादी असतो, प्रतिवादी असतो, आरोपी असतो, दोष सिद्ध झाला तर बंदी असतो. खलनायक म्हणून कोणाची नोंद झाल्याचे गेल्या वीस वर्षांत आमच्या पाहण्यात नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी पसायदान मागताना खळांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा गळून पडावा असे मागितले. पसायदान रोज म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यातले हे कलम किती जणांच्या ध्यानात राहते, कोण जाणे.

हा विचार आमच्या मनात नव्याने घोळू लागला तो एका व्हिडिओ गेममुळे, असे सांगितल्यास कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

आम्ही नल्लकुंट्यास राहतो. तेलुगूत नल्लकुंटा म्हणजे काळे तळे. आमच्या गल्लीत तळे नाही. भाजीबाजाराचा गलबला आहे, थोड्या अंतरावर फीव्हर हॉस्पिटल आहे आणि शृंगेरीच्या शंकर मठातून येणारा घंटानाद आहे. या साऱ्या आवाजांत गेल्या उन्हाळ्यात आणखी एका आवाजाची भर पडली. आमचे पंधरा वर्षांचे चिरंजीव दुपारभर संगणकापुढे बसून कोणाला तरी सपासप तोडीत असत. बापाच्या कर्तव्यबुद्धीने आम्ही एक दिवस खुर्ची ओढून शेजारी बसलो. खेळाचे नाव पाहून चकित झालो. नाव होते ‘असुर’. तो २०१७ साली निघाला आणि तो करणारी ओगर हेड स्टुडिओ ही मंडळी परदेशातील नव्हेत, आमच्या हैदराबादचीच. यात खेळणारा देवांच्या बाजूने लढत नाही. तो स्वतःच असुर असतो, सूड घेण्यासाठी निघालेला. मेला की डाव पहिल्यापासून, आणि दर वेळी वाटा व दालने नव्याने मांडलेली.

“अरे, पण असुर तर मरायचा असतो ना?” आम्ही विचारले.

“मरतोच की, बाबा. सारखा मरतो,” चिरंजीव म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

ही हकिकत आम्ही मठाच्या पायऱ्या उतरताना एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या कानावर घातली. ते मनापासून हळहळले. मुलांना आधीच देवधर्म कमी ठाऊक. त्यात असुराच्या अंगात शिरून लढायला शिकविले तर पुढे यांना सत् आणि असत् यांतला फरक कोण सांगणार, असे त्यांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ज्यांनी आयुष्यभर नित्यनेमाने पूजा केली, त्यांच्या या भीतीला काही आधार आहे. आजकाल रावणाची बाजू मांडणारी कादंबरी हातोहात खपते, आणि ती वाचून झालेला तरुण रामावर चार दोष ठेवून मोकळा होतो. त्याने रामायण उघडलेले नसते. तथापि असुराला बोलू देणे हा नव्या पिढीचा शोध आहे, हे मात्र आम्हांस मान्य करता येईना.

आमचे सासर कारवारकडचे, आणि सौभाग्यवतींचे आजोळ सावंतवाडीच्या बाजूला. त्या मुलखात देवळाच्या जत्रेला दशावतार झाल्यावाचून जत्रा पुरी होत नाही. त्यात आरंभीच संकासुर येतो. याने ब्रह्मदेवाचे वेद पळविलेले; म्हणजे गुन्हा लहान नव्हे. शेवटी विष्णूकडून त्याचा वध व्हायचा, हे समोर बसलेल्या पोराटोरांनाही पाठ असते. पण वध होण्यापूर्वी तो नाईकाशी मालवणीत अशी काही सवाल-जबाबाची झड लावतो की मांडव हसून लोटपोट होतो. इतर पात्रे शुद्ध मराठीत बोलतात. आपल्या घरची भाषा बोलतो तो असुर. देवळाच्या आवारात, देवाच्या साक्षीने, वेद पळविणाऱ्याला आपले म्हणणे आपल्या बोलीत मांडू देणारी ही रीत कोणा शहाण्याने घालून दिली असेल ती असो. रत्नागिरीच्या बाजूला तर शिमग्याच्या नमनातील संकासुराला लोक नवस बोलतात.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे फिरवितात, त्यांच्या स्पर्धा लागतात आणि पहाटे त्यांचे दहन होते. पुतळा दोन मजली, कृष्ण मात्र बेताचा, अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते, आणि ती खरीही आहे. नरकासुर भूमीचा पुत्र, हे मात्र त्या गोंगाटात कोणाच्या लक्षात राहात नाही.

बळिराजाचे प्रकरण तर वकिलाने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात ते सविस्तर दिले आहे. बटू वामन तीन पावले भूमी मागतो. शुक्राचार्य आपल्या यजमानाला स्पष्ट सल्ला देतात, की हा व्यवहार फसवा आहे, शब्द फिरव. कायद्याच्या दृष्टीने सल्ला अगदी बिनतोड. यजमान ऐकत नाही. दिलेला शब्द मोडण्यापेक्षा राज्य गेलेले त्याला चालते. आता यात खल कोण, हे सांगा पाहू! पुराणकारांनाही तो प्रश्न पडला असला पाहिजे. कारण बळीला सुतलात पाठविल्यावर त्यांनी साक्षात विष्णूला त्याचा द्वारपाल केले, आणि पुढील मन्वंतरात इंद्रपद बळीलाच मिळेल अशी तजवीजही करून ठेवली. निकाल कायम ठेवून शिक्षेत इतकी सूट दिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. दिवाळीतल्या पाडव्याला आपण नाव घेतो ते बळीचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हा सारा दावा नव्याने उभा केला आणि बळीला फिर्यादीच्या जागी बसविले. त्यांचा इतिहास सर्वांना पटेल असे नाही, पण शेतकऱ्याच्या घरी बळीचे राज्य येवो ही इच्छा त्यांच्या आधीही बोलली जातच होती.

आणि हैदराबादकरांना तर याविषयी बोलण्याचे कारणच नाही. १९७७ सालच्या संक्रांतीला नंदमुरी तारक रामारावांचा ‘दानवीरशूर कर्ण’ पडद्यावर आला. दिग्दर्शक तेच, कृष्ण तेच, कर्ण तेच आणि दुर्योधनही तेच. तेलुगू प्रेक्षकांनी ज्यांना कृष्ण म्हणून डोक्यावर घेतले होते, त्यांनी आपली सारी हौस दुर्योधनावर उधळली. त्याला एक प्रेमगीतसुद्धा दिले. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणविले जाते तेव्हा दुर्योधन भर सभेत गुरुजनांना त्यांच्याच कुळांचे मूळ विचारतो. कोंडवीटि वेंकटकवींनी लिहिलेले ते भाषण आमच्या शेजारच्या निवृत्त तहसीलदारांना आजही अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत आहे, आणि ते गृहस्थ मठात नियमाने येतात! त्याच्या कितीतरी शतके आधी भासाने ‘ऊरुभंगा’त मांडी मोडून पडलेला दुर्योधन दाखविला. त्याचा लहानगा मुलगा येतो आणि नेहमीप्रमाणे मांडीवर बसू पाहतो. महाभारतातील सारे अपराध दुर्योधनाच्या नावे लिहून झाल्यावरही त्या क्षणी वाचकाचा हात लेखणीवर अडखळतो.

मग नव्या खेळात निराळे ते काय? निराळे आहे, आणि तेच आम्ही चिरंजीवांशेजारी बसून शिकलो. कीर्तनात बुवा रावण मारतात, आपण ऐकतो. नाटकात नट मारतो, आपण पाहतो. खेळात मात्र कळ आपल्या अंगठ्याखाली असते. मारण्याचे कृत्य आपल्या हातून होते, आणि बहुतेक खेळांत समोरच्याला जबाब म्हणून नसतो. दिसला की मारायचा, मेला की गुण मिळवायचे. एकतर्फी निकालाचा इतका निर्मळ नमुना न्यायालयातही सापडत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स मंडळींचा २०२० सालचा ‘राजी’ हा खेळ आम्ही पाहिला. त्यात महाबलासुराची टोळी मुले पळविते आणि एक पोर आपल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. चित्रे सुरेख, सांगणारे दुर्गा आणि विष्णू. महाबलासुराचे वकीलपत्र कोणी दिले तर आम्ही घेऊ, पण फी आगाऊ घेऊ.

परंतु काही खेळ असे निघाले की त्यांनी अंगठ्यालाच प्रश्न विचारला. जपानच्या फुमितो उएदांचा ‘शॅडो ऑफ द कलोसस’ हा २००५ सालचा. एक तरुण मृत मुलीचा देह घेऊन निषिद्ध प्रदेशात शिरतो; तिला उठवायचे असेल तर तेथील सोळा महाकाय प्राणी मार, असे एक अदृश्य वाणी त्याला सांगते. ते प्राणी आपापल्या जागी असतात. कोणी तळ्यात पोहतो, कोणी आकाशात संथ फिरतो. कित्येक तर आपण बाण मारीपर्यंत आपल्याकडे वळूनही पाहात नाहीत. अतिक्रमण कोणाचे, ताबा कोणाचा आणि स्वसंरक्षणाचा हक्क कोणाला, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. अखेरीस त्या तरुणाला अडविण्यासाठी काही माणसे घोड्यांवरून येतात. कथेच्या चालीप्रमाणे ती खलनायक मंडळी. पण तोवर आपले अंतःकरण त्यांची वाट पाहू लागलेले असते.

‘द लास्ट ऑफ अस’ याची कथा अधिक कठोर. २०१३ सालच्या पहिल्या भागात नायक मुलीसारख्या पोरीला वाचविण्यासाठी एका शस्त्रवैद्याला मारतो. त्या पोरीचा जीव गेला असता, पण रोगावर लस मिळण्याची आशा होती. आपणच कळ दाबलेली असते, आणि दाबताना चुकल्यासारखे वाटत नाही. २०२० सालच्या दुसऱ्या भागात त्या वैद्याची मुलगी येते, नायकाला हालहाल करून मारते, आणि आपण तिच्या रक्ताला तहानलेले असताना खेळ मध्येच थांबतो व आपल्याला तिच्याच देहात बसवून तेच दिवस पुन्हा चालायला लावतो. जगभर कित्येक खेळणाऱ्यांना याचा असा संताप आला की त्या पात्राला आवाज देणाऱ्या नटीला धमक्या आल्या. आपल्याकडे निळूभाऊ फुल्यांना पाहून खेड्यापाड्यांतील बायका कडाकडा बोटे मोडीत असे सांगतात. राष्ट्र सेवा दलाचा तो साधा सेवक ते सोसून होता. माणसाचा राग पडदा आणि पडद्यामागचा मनुष्य यांत फारसा भेद करीत नाही.

हे सर्व आम्ही इतक्या आस्थेने का लिहितो, असे कोणी विचारील. याचे कारण आम्ही या शहरात वकिली करतो. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्य मुलीवर पाशवी अत्याचार होऊन तिचा खून झाला. चार जणांना अटक झाली. ६ डिसेंबरच्या पहाटे ते चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, पेढे वाटले. आमच्या गल्लीतही पेढ्यांचा पुडा फिरला. त्याआधीच्या दिवसांत आरोपींचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे वकीलवर्गातच म्हटले जात होते. वास्तविक असे ठराव निरर्थक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या प्रकरणात सांगून ठेवले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ च्या मे महिन्यात अहवाल उघड झाला. पोलिसांची हकिकत विश्वसनीय नाही, गोळ्या ठार मारण्याच्याच हेतूने झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, आणि मेलेल्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अठरा वर्षांच्या आतील होते, असे त्यात म्हटले होते. फुले उधळली तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तर फुले आवरली असती अशी आमची खात्री नाही.

ते चौघे निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. म्हणताच येत नाही. खटला चालला असता तर कदाचित फाशी झाली असती, आणि त्या निकालाच्या मागे पुरावा उभा राहिला असता. आता कायमचा एक रिकामा कागद आहे. त्या दिवसांत एका बाईंनी आम्हांस विचारले, “तुमची मुलगी असती तर तुम्ही असेच बोलला असता काय?” या प्रश्नाला समाधान होईल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. मुलीच्या बापाने न्यायाधीश होऊ नये, एवढ्यासाठीच न्यायालय काढले आहे. पण हे वाक्य त्या बाईंच्या डोळ्यांकडे पाहात उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, आणि ते उच्चारायला हवे होते असेही आम्हांस वाटत नाही.

आता ज्या खेळाने आमच्या घरातील सर्वांना एका पडद्यापुढे बसविले त्याविषयी. ‘अंडरटेल’ हा टोबी फॉक्स या तरुणाने २०१५ साली केला. चित्रे अगदी बाळबोध, आमच्या तरुणपणीच्या स्वस्त खेळांसारखी. फार पूर्वी माणसे आणि राक्षस यांचे युद्ध झाले, माणसे जिंकली आणि राक्षसांना त्यांनी भूमीखाली कोंडून वर मंत्राचा पडदा टाकला. हे ऐकताच सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे बळीसारखेच की.” त्या पाताळात एक मूल पडते, ते आपण. वाटेत जो भेटेल त्याला मारता येते, किंवा त्याच्याशी बोलून, थट्टा करून, घटकाभर दम धरून सोडूनही देता येते. दया दाखविण्याची कळच वेगळी आहे. इतर खेळांत ज्याला अनुभवाचे गुण म्हणतात ते येथेही मिळतात. अखेरीस एका दालनात कळते की ते गुण म्हणजे आपण केलेल्या हत्यांची मोजदाद होती.

शेवटी राजा असगोर. वरच्या जगात जाण्यासाठी त्याला सात मानवी आत्मे हवेत. सहा जमले आहेत, सातवे आपण. याहून काळा खलनायक कोणता? परंतु त्याचा जबाब ऐकावा. त्याचा मुलगा माणसांच्या हातून मेला. त्या शोकात त्याने प्रजेपुढे प्रतिज्ञा केली की येथे पडेल त्या माणसाला मारीन आणि तुम्हांला सोडवीन. प्रजा आशेने जगू लागली, आणि प्रतिज्ञा मागे घेण्याची वाट बंद झाली. स्वभावाने तो बागेत फुले लावणारा, आल्यागेल्याला चहा विचारणारा. लढाईला उभा राहताना तो आपल्याकडे पाहू शकत नाही. प्रथम काय करतो, तर आपली दयेची कळ त्रिशूळाने फोडून टाकतो. आपल्याला दया करता येऊ नये आणि त्याला ती घेता येऊ नये! चिरंजीवांनी तेव्हा खेळ थांबविला आणि पाणी प्यायला उठले.

आम्ही मनात त्याच्या बाजूचे मुद्दे मांडीत बसलो. वंशाचा कोंडमारा, पुत्रशोक, प्रजेला दिलेले वचन. शुक्राचार्यांनाही सुचले नसते असे भक्कम. कोणालाही न मारता खेळणाऱ्याला मात्र शेवटी निराळे दृश्य दिसते. चिरंजीवांनी त्यासाठी आणखी आठ संध्याकाळी घालविल्या. लढाई सुरू होणार तोच राजाला सोडून गेलेली त्याची राणी तेथे येते, आणि आमची सारी कैफियत तिच्या उलटतपासणीत कोसळते. तुला खरेच प्रजेला सोडवायचे होते तर पहिला आत्मा मिळताच वर गेला असतास, उरलेले सहा मिळवून परत आला असतास. तू येथे बसून राहिलास, पुन्हा कोणी मूल पडू नये अशी आशा करीत, आणि पडले की मारीत. प्रजेला तू निराशेत ठेवलेस. तक्रार खरी, दुःख खरे, आणि सहा मुलांचे रक्तही खरे. वीस वर्षांत इतकी मोजकी उलटतपासणी आम्ही फार थोड्यांकडून ऐकली आहे.

पडदा उठतो, सगळे वर येतात. राजाचे राज्य संपते. राणी मुलांची शाळा काढते आणि तो त्या शाळेच्या आवारात झाडांची निगा राखताना दिसतो. चिरंजीवांनी आम्हां दोघांना बोलावून हे दाखविले. सौभाग्यवती पदराला हात पुसत थोडा वेळ पाहात राहिल्या. मग कोंकणीत विचारले, “मागीर तिणें ताका घरांत घेतलो?”

“नाही ग आई. नुसता बागेत आहे.”

“बरें केलें तिणें,” असे म्हणून त्या देवापाशी दिवा लावायला गेल्या.